सुंठ आणि स्नायुवेदना : वनौषधी पूरकाची चाचणी, पद्धत व मर्यादा

प्रस्तावना

दीर्घ सुट्टीनंतर मैदानावर परतलेला खेळाडू पहिल्या दिवशी उत्साहाने बैठका मारतो, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याचा आधार घेतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पूर्ववत चालू लागतो. मधल्या दिवसांत त्याने हळदीचे दूध घेतले असेल, सुंठीचा काढा प्यायला असेल किंवा दुकानातून एखादे ‘हर्बल’ पूरक आणले असेल, तर बरे वाटण्याचे सारे श्रेय त्या पदार्थाला मिळते. काहीही घेतले नसते तरी तो त्याच सुमारास बरा झाला असता काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण मराठीत रूढ आहे. सुंठ न घेताही खोकला जाऊ शकतो, हे त्या म्हणीने गृहीत धरले आहे. वनौषधीच्या शास्त्रीय चाचणीचा आरंभही याच जाणिवेतून होतो.

स्नायुवेदनेवरील वनौषधी पूरकाची चाचणी कशी केली जाते, तिच्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात सुंठीच्या उदाहरणाद्वारे केले आहे.

वेदनेचे स्वरूप

व्यायाम करतानाच जाणवणारी जळजळ आणि दुसऱ्या दिवशी उद्भवणारे दुखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकाराला विलंबित स्नायुवेदना असे म्हटले जाते. ही वेदना साधारणतः २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि त्यानंतर काही दिवसांत ओसरते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्ये या वेदनेचा प्रायोगिक अभ्यास प्रसिद्ध केला आणि तिचे मूळ स्नायूच्या अंतर्गत इजेत असावे, असे सुचविले.

ही वेदना लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे होते, असा समज आजही अनेक व्यायामशाळांत आढळतो. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सपाट पृष्ठभागावरील धावणे आणि उतारावरील धावणे यांची तुलना करण्यात आली. सपाट पृष्ठभागावर धावणाऱ्यांच्या रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढले, परंतु नंतर त्यांचे स्नायू विशेष दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांमध्ये लॅक्टिक आम्लाची लक्षणीय वाढ झाली नाही, तरी त्यांचे स्नायू दुखले. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. या क्रियेला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. त्यातून स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि पुढे दाहाची प्रक्रिया सुरू होते. जिना चढण्यापेक्षा उतरण्याने आणि वजन उचलण्यापेक्षा ते सावकाश खाली आणण्याने पाय व दंड अधिक दुखतात, त्याचे कारण हेच होय.

या वेदनेचे आणखी एक वैशिष्ट्य चाचणीच्या दृष्टीने निर्णायक आहे. एकदा असा व्यायाम झाला की तोच स्नायू पुढील काही आठवडे तशाच व्यायामाने तुलनेने बराच कमी दुखतो. शरीर पहिल्या अनुभवातून स्वतःचे संरक्षण मिळवते.

चाचणीचा आराखडा

वरील दोन वैशिष्ट्ये लक्षात घेता सर्वांत सोपा वाटणारा आराखडाच सर्वाधिक फसवा ठरतो. समजा, एका वर्गातील विद्यार्थ्यांकडून पहिल्या आठवड्यात पूरक न देता बैठका काढून घेतल्या आणि वेदना नोंदविली. पुढे दोन आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पूरक देऊन त्याच बैठका पुन्हा काढून घेतल्या. दुसऱ्या वेळी वेदना कमीच भरेल. त्याऐवजी साखरेची पूड दिली असती तरी ती कमी भरली असती. पूर्वचाचणी-उत्तरचाचणी हा एकगटी आराखडा येथे जवळपास प्रत्येक पदार्थाला उत्तीर्ण करतो.

म्हणून नियंत्रित गट आवश्यक असतो. प्रायोगिक गटाला वनौषधी आणि नियंत्रित गटाला तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल, म्हणजे प्लासिबो, दिली जाते. कोण कोणत्या गटात जाईल हे यादृच्छिक पद्धतीने ठरते. कारण मार्गदर्शकाने निवड केली, तर तंदुरुस्त खेळाडू नकळत एकाच गटात एकवटू शकतात. कोणाला काय दिले आहे, हे स्वयंसेवकाला ठाऊक नसते आणि वेदना नोंदविणाऱ्यालाही ठाऊक नसते. या दुहेरी अंध पद्धतीची येथे विशेष गरज आहे, कारण वेदना ही व्यक्तिनिष्ठ बाब आहे. अशा चाचण्यांत बहुधा १०० मिलिमीटर लांबीची रेषा वापरली जाते. तिचे एक टोक ‘वेदना नाही’ आणि दुसरे ‘कल्पनेतील तीव्रतम वेदना’ दर्शविते. त्या रेषेवरील खूण अपेक्षेने सहज सरकते. सुंठीचा वास व तिखटपणा तर लगेच ओळखू येतो. त्यामुळे काढा देऊन घेतलेली चाचणी अंध राहूच शकत नाही.

सुंठीची चाचणी : एक उदाहरण

अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये ‘द जर्नल ऑफ पेन’ या नियतकालिकात आल्यासंबंधीचे दोन अभ्यास एकत्र प्रसिद्ध केले. पहिल्या अभ्यासात ३४ स्वयंसेवक होते व त्यात कच्चे आले वापरले होते. दुसऱ्या अभ्यासात ४० स्वयंसेवक होते व त्यात उष्णतेची प्रक्रिया केलेले आले वापरले होते. स्वयंसेवकांना सलग ११ दिवस रोज २ ग्रॅम आले किंवा प्लासिबो देण्यात आले. आठव्या दिवशी कोपर वाकविणाऱ्या स्नायूंची १८ एक्सेंट्रिक आकुंचने करवून मुद्दाम वेदना निर्माण करण्यात आली. त्यानंतर तीन दिवस वेदना, दंडाचे आकारमान, सांध्याची गतिव्याप्ती, स्नायूची शक्ती आणि दाहाशी निगडित प्रोस्टाग्लँडिन यांची मोजणी झाली.

व्यायामानंतर २४ तासांनी प्लासिबोच्या तुलनेत कच्च्या आल्याने वेदना २५ टक्के आणि प्रक्रिया केलेल्या आल्याने २३ टक्के कमी आढळली. आले वाळविताना वा तापविताना त्यातील जिंजेरॉल या घटकाचे काही अंशी शोगाओलमध्ये रूपांतर होते व तिखटपणा वाढतो. त्यामुळे प्रक्रिया केलेले आले अधिक गुणकारी ठरेल, अशी अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही.

निष्कर्षाचे वाचन

वरील निष्कर्ष आशादायक आहे. तथापि तो किती मोठा आहे, हे तपासणे आवश्यक आहे. २५ टक्के घट म्हणजे, उदाहरणार्थ, १०० च्या पट्टीवर ४० ऐवजी ३०. दुखणे नाहीसे झाले असा त्याचा अर्थ होत नाही. दोन्ही अभ्यासांतील पी-मूल्ये अनुक्रमे ०.०४१ व ०.०४९ होती. ती ०.०५ या प्रचलित सार्थकता पातळीच्या आत असली तरी सीमेलगत आहेत. शक्ती, सूज इत्यादी अन्य मापनांवरील परिणाम याहून लहान होते. अनेक बाबी अनेक वेळा मोजल्या जातात, तेव्हा त्यांपैकी एखादी केवळ योगायोगाने सार्थक ठरण्याची शक्यता वाढते. दोन स्वतंत्र गटांत जवळपास सारखाच आकडा मिळणे, ही मात्र या अभ्यासाची जमेची बाजू आहे.

मात्रेचा कालावधीही दुर्लक्षून चालणार नाही. याच चमूतील संशोधकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात दुखणे सुरू झाल्यानंतर २ ग्रॅम आल्याची एकच मात्रा दिली असता ४५ मिनिटांनी वेदनेत फरक आढळला नाही. म्हणजेच आधीपासून रोज घेतलेल्या आल्यासंबंधीचा निष्कर्ष दुखू लागल्यावर घेतलेल्या एका कपभर काढ्याला लागू करता येत नाही. तसेच आल्याच्या पुडीवरील निष्कर्ष दहा वनस्पतींचे मिश्रण असलेल्या पूरकालाही लावता येत नाही.

पूरकाच्या शुद्धतेचा प्रश्न

पूरकाच्या वेष्टनावर छापलेले घटक आणि आतील घटक एकच असतील, याची हमी चाचणीपूर्वी प्रयोगशाळेतून घ्यावी लागते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात १३ देशांतून मिळविलेली ६३४ पोषणपूरके तपासली असता ९४ पूरकांत, म्हणजे १४.८ टक्के नमुन्यांत, वेष्टनावर उल्लेख नसलेली ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स आढळली. ही सर्व पूरके वनौषधींची नव्हती. तरीही खेळाडूच्या दृष्टीने धोका तोच आहे, कारण उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात आढळलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूवरच येते. मार्गदर्शकाने सद्भावनेने सुचविलेली डबी एखाद्या विद्यार्थ्याची कारकीर्द संपवू शकते.

महाविद्यालयीन संशोधनाच्या संदर्भात

शारीरिक शिक्षण, वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र हे विभाग एकत्र आल्यास अशी चाचणी महाविद्यालयातही होऊ शकते. मात्र ती मानवी व्यक्तींवरील चाचणी आहे, याचे भान हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची पूर्वसंमती आणि सहभागींची माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. २००७ पासून अस्तित्वात असलेल्या भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत आराखडा आधी नोंदविल्यास निष्कर्ष पाहून नंतर उद्दिष्ट बदलण्याला आळा बसतो.

अंतर्गत गुण ज्यांच्या हाती आहेत, त्याच अध्यापकांनी मागितलेली संमती कितपत मुक्त असते, याचाही विचार व्हावा. ती संमती त्रयस्थ व्यक्तीने घेणे व नकार देण्याची वाट मोकळी ठेवणे इष्ट होय. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना आल्याच्या चाचणीतून वगळावे. अतिश्रमानंतर लघवी चहासारखी गडद झाल्यास ते साधे दुखणे न समजता विद्यार्थ्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे, कारण स्नायूंच्या गंभीर विघटनाने मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो.

समारोप

सुंठीवर विश्वास ठेवणे आणि सुंठीची परीक्षा घेणे यांत विरोध नाही. पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून प्रश्न मिळतो. त्याचे उत्तर नियंत्रित गटाशी तुलना केल्यावाचून मिळत नाही. उपलब्ध पुरावा पाहता, सलग काही दिवस घेतलेल्या आल्याने व्यायामोत्तर वेदना काहीशी सौम्य होऊ शकते, एवढेच विधान करता येते. ते जाहिरातीच्या तुलनेत लहान आहे, परंतु विद्यार्थ्यांसमोर निःशंकपणे मांडता येण्याजोगे आहे. सुंठीमुळे दुखणे गेले की सुंठीवाचून, हे आधी विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर तेच अशा चाचणीचे खरे शैक्षणिक फलित ठरेल.