पद नाकारले, माणूस कसा राखावा?

बुलढाणा जिल्ह्यातील आपल्या बहुतेक पेढ्या घरच्या आहेत. खामगावचा कापूस असो, मलकापूर-नांदुऱ्याची अडत असो, की चिखली-मेहकरचे कापडाचे दुकान. गल्ल्यावर घरचा माणूस बसतो आणि काटा, गोदाम, वसुली व वही ही कामे पगारी माणसे सांभाळतात. या माणसांत एखादा विलक्षण हुशार निघतो. मूठभर कापूस हाती घेऊन तो धाग्याची लांबी सांगतो, सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओलावा ओळखतो. कोणत्या गावची उधारी केव्हा वसूल होईल, हे त्याला वही न उघडता ठाऊक असते. जुने मुनीमजी निवृत्त झाले की ती जागा आपली, असे त्याने दहा-बारा वर्षे मनाशी धरलेले असते. नेमक्या त्याच वेळी मालकांचा पुतण्या पुण्याहून पदवी घेऊन येतो आणि व्यवस्थापक होतो.

पुढे भांडण होत नाही, म्हणूनच मालकाच्या लक्षात काही येत नाही. माणूस वेळेवर येतो, वेळेवर जातो. सांगितलेले काम करतो, न सांगितलेल्या कामाला हात लावत नाही. पूर्वी ओल्या मालाची गाडी आली की स्वतः येऊन सांगे; आता ‘मला कोणी विचारले नाही’ असे म्हणतो. जुने गिऱ्हाईक पंधरा दिवस फिरकले नाही तरी निरोप धाडीत नाही. घरातील स्त्रियांच्या ध्यानी हे बहुधा आधी येते. चहाला थांबणारा, मुलांची चौकशी करणारा माणूस आता उंबऱ्यावरूनच चावी देऊन निघतो. मालक मात्र म्हणतात, ‘थोडा रुसला आहे, हंगाम लागला की ताळ्यावर येईल.’

महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात अशा नाकारलेल्या बढतीचे एक ठळक उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची रेखाटने शिकवीत. बढतीची जागा आली तेव्हा ती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व बेळगावला बंधू रामुअण्णांसह सायकलींच्या दुकानात लक्ष घातले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. स्वतःची योग्यता डावलली गेलेल्या या माणसाने पुढे शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही विश्वास टाकला. त्यांना वसाहतीच्या पहाऱ्यावर नेमले.

याच काळातील दुसरे उदाहरण आपल्या समाजातले आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातील वालचंद हिराचंद दोशी यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी रेल्वेच्या ठेकेदारीत पाऊल टाकले, ते लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर. फाटक मूळचे रेल्वेतील कारकून. त्यांच्याकडे कामाची जाण होती, वालचंदांच्या घरी भांडवल आणि पत होती. फर्मच्या नावात दोघांचीही नावे आली. मुंबईच्या संस्थेने एक लक्ष्मणराव गमावले, वालचंदांनी दुसऱ्या लक्ष्मणरावांना जोडून घेतले. गुणी माणसाला त्याच्या गुणाइतकी जागा मिळाली की तो आपले सर्वस्व ओततो, हे दोन्हीकडे दिसते.

आता प्रत्येक मुनीमाला भागीदार करता येत नाही. पेढी घरची आहे, तिची जोखीम घर उचलते; वरचे पद कोणाला द्यावे हा मालकाचा अधिकार आहे. उत्तम खरेदीदार हा उत्तम व्यवस्थापक होईलच, असेही नाही. परंतु पद नाकारण्याचा अधिकार असला तरी कारण लपवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. माणूस पद न मिळाल्याने जितका खचतो, त्याहून अधिक ते आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळल्याने खचतो.

श्रावकाच्या अहिंसा-अणुव्रताचे अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. त्यांत ‘अतिभार’ हा एक आहे: आश्रितावर त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे. पुतण्याला काम उमगेपर्यंत त्याचे सारे काम जुन्या माणसाने करावे आणि पद मात्र पुतण्याचे, हा अतिभारच नव्हे काय? संवत्सरीला आपण नोकरचाकरांनाही हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. ते शब्द खरे व्हायचे असतील, तर वर्षभर साचू दिलेले बोलणे त्याआधीच व्हावयास हवे.

हे बोलणे निर्णयानंतर आठ दिवसांच्या आत व्हावे, मालकाने स्वतः करावे, आणि दुकानात गिऱ्हाइकांसमोर करू नये. खरे कारण सांगावे. ‘पुतण्या घरचा आहे म्हणून’ हे कारण असेल तर तेच सांगावे. कडू असले तरी ते पचते. कारण त्याच्यातील उणीव असेल, शेतकऱ्यांशी तो तोडून बोलत असेल किंवा संगणकावरचा हिशेब त्याला जमत नसेल, तर उदाहरण देऊन सांगावे आणि ती उणीव भरून काढण्यास मदत करावी. मग त्याचे ऐकावे, मध्ये न बोलता. ‘पुढच्या दिवाळीला बघू’ हे वाक्य मात्र मनात काही ठरलेले नसताना उच्चारू नये. एकदा मोडलेला शब्द पुढच्या दहा खऱ्या शब्दांची किंमत घालवतो.

यानंतर त्याला काही तरी खरोखर त्याचे द्यावे. ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी त्याच्या सहीने व्हावी. हंगामाच्या नफ्यात वाटा ठरवावा आणि तो वहीत लिहावा. पद नसले तरी पगार अनुभवाप्रमाणे वाढवावा. सर्वांत उत्तम म्हणजे पुतण्याने एक पूर्ण हंगाम त्याच्या हाताखाली काट्यावर उभे राहावे. पूर्वी आपल्याकडे मुलांना दुसऱ्याच्या पेढीवर उमेदवारीला धाडीत, ते याचसाठी. गुरू मानल्याने त्या माणसाचा मान राहतो आणि पुतण्याला वर्गात न मिळणारी विद्या मिळते.

एवढे करूनही तो मन लावून काम करीनासा झाला, तर मुदत ठरवून स्पष्ट सांगावे. एकाची चालढकल खपवून घेतली की बाकीच्यांचाही हात सैल पडतो. आणि त्याला जायचेच असेल, तर सन्मानाने जाऊ द्यावे. राहिलेला पगार चुकता करावा. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत पाच वर्षे सलग नोकरी झालेल्याला ग्रॅच्युइटी हा कायद्याचा हक्क आहे, उपकार नव्हे. बाजारात त्याच्याविषयी वाईट बोलून दुसरे दार बंद करू नये. उद्या तो समोरच्या गाळ्यात दुकान थाटील. तेव्हा तो आपल्याविषयी काय सांगतो, यावर आपली पत ठरेल.

आपल्या पेढीवर असा कोणी अबोल झालेला असेल, तर हंगामाची पहिली गाडी येण्यापूर्वी त्याच्याशी बोलावे. गाड्यांची रांग लागली की बोलायला सवड मिळत नाही, आणि माणूस जातो तो बहुधा त्याच दिवसांत.