भीती वाटून घेताना

आज पन्नाशी-साठीत असलेल्या माणसांना ‘पुराना मंदिर’चा नायक कोण होता, असे विचारले तर बरेच जण डोके खाजवतील. त्यातल्या साम्री या सैतानाचे धड कुठे पुरले होते आणि त्याचे डोके कशात बंद करून ठेवले होते, हे मात्र ते झटकन सांगतील. एकाने सांगायला सुरुवात केली की दुसरा मध्येच तोंड घालणार, तिसरा ‘तसं नव्हतं रे’ म्हणत त्याला अडवणार, आणि पाच मिनिटांत १९८४ सालचा तो चित्रपट पुन्हा उभा राहणार. धुळ्याच्या देवपुरात, म्हणजे पांझरा नदीच्या पलीकडच्या कॉलेजांच्या, वसतिगृहांच्या आणि नोकरदार कॉलन्यांच्या भागात, अशी बैठक ‘तुले याद शे का भो’ एवढ्यानेही सुरू होऊ शकते. समीक्षकांनी नाक मुरडलेले, पुरस्कारांच्या यादीत कधी न आलेले रामसे बंधूंचे हे भयपट चाळीस वर्षे टिकले कसे, हा प्रश्न गंभीरपणे विचारायला हवा. माझे उत्तर असे की त्यांचा निम्मा भाग पडद्यावर तयार झाला आणि उरलेला मित्रांच्या गप्पांमध्ये. दुसरा निम्मा भाग हीसुद्धा एक निर्मितीच आहे. ती आपल्या भागाच्या सांस्कृतिक इतिहासात मोडते आणि तिची नोंद करण्याची वेळ आता आली आहे.

या चित्रपटांचा जन्मच मुळी प्रेक्षकांच्या बोलण्यातून झाला. कराचीत रेडिओचे दुकान चालवणारे फतेहचंद रामसिंघानी फाळणीनंतर मुंबईला आले, आडनावाचे ‘रामसे’ झाले आणि ते चित्रपटनिर्मितीत उतरले. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण त्यात एक प्रसंग होता. भयानक मुखवटा आणि चिलखत घातलेले पृथ्वीराज कपूर संग्रहालयात चोरी करायला शिरतात आणि पोलिसांच्या गोळ्या त्यांच्यावरून घरंगळून जातात. बाहेर पडणारे लोक तेवढ्याच प्रसंगाबद्दल बोलत आहेत, हे रामसेंच्या मुलांनी हेरले आणि वडिलांना सुचवले की आपण पूर्ण भयपटच करू. १९७२ सालचा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यातून आला. अख्खे कुटुंब आणि मोजके कलाकार बसने महाबळेश्वरला गेले, सरकारी विश्रामगृहात उतरले आणि सुमारे साडेतीन लाख रुपयांत, चाळीसेक दिवसांत चित्रपट हातावेगळा झाला. सात भावांपैकी कुमार पटकथा लिहायचा, गंगू कॅमेरा सांभाळायचा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, आणि तुलसी व श्याम दिग्दर्शन. मोठे तारे नव्हते, म्हणून मोठ्या शहरांतली मोठी थेटरे मिळत नसत. त्यांची कमाई तालुक्यांच्या आणि छोट्या जिल्ह्यांच्या गावांतून यायची. थोडक्यात, खान्देशासारखा मुलूख हाच त्यांचा खरा बाजार होता.

त्या बाजारात चित्रपट पाहणे म्हणजे काय होते, ते आज नीट समजावून सांगावे लागते. भयपट पाहायचा तो रात्री, नऊ ते बाराच्या शोला. पडदा काळा झाला की बाहेरही अंधारच असे, आणि घरापर्यंतची वाट सायकलने किंवा पायी काढायची असे. भीतीचा खरा कस त्या वाटेवर लागायचा, आणि म्हणूनच एकटे कुणी जात नसे. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमे यांनी वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासात असे दिसले की भावना हलवून टाकणाऱ्या दहा अनुभवांपैकी आठ-नऊ माणूस लवकरच दुसऱ्या कुणाला तरी सांगतो, आणि अनेकदा त्याच दिवशी. रात्रीच्या शोहून परतणाऱ्या टोळक्याला ऐकणारा शोधायचीही गरज नव्हती. जो सोबत घाबरला होता, तोच शेजारी चालत होता. शिवाय कथा पुन्हा पुन्हा सांगून रात्र जागवण्याची सवय या मुलखाला आधीपासूनच आहे. डफावर रात्रभर चालणारे खान्देशातले वहीगायन त्याचा पुरावा आहे. ऐकणाऱ्यांना कथा ठाऊक असते, तरी ते बसतात, कारण सांगणारा या वेळी ती कशी रंगवतो हे त्यांना ऐकायचे असते. साम्रीची गोष्ट विसाव्यांदा ऐकणारे मित्र याच ओढीने बसतात.

साम्रीचेच बघा. कथेत राजा हरिमानसिंग या सैतानाला पकडतो आणि त्याचे डोके धडावेगळे करायला लावतो. धड जुन्या मंदिराच्या परिसरात पुरले जाते आणि डोके हवेलीत पेटीबंद होते. मरण्याआधी साम्री शाप देतो की राजघराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल, आणि डोके-धड पुन्हा जुळले की तो परत उठेल. मांडणी किती साधी आहे पाहा: दोन जागा, दोन तुकडे आणि मधले अंतर. सांगणाऱ्याला एवढे लक्षात राहिले की बाकीचे तो स्वतः भरू शकतो. त्यात साम्रीची भूमिका करणारे अनिरुद्ध अग्रवाल मुळात रुरकीला शिकलेले अभियंता होते आणि उंचेपुरे असल्याने त्यांना मेकअपही फारसा लागत नसे, ही माहिती एखाद्याने पुरवली की गप्पांना नवे वळण लागते. रामसेंच्या पटकथांवर ढिसाळपणाचा आरोप होतो आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. विनोदी उपकथानके कंटाळवाणी आहेत, स्नानाचे प्रसंग केवळ गल्ला भरण्यासाठी आहेत. मात्र घट्ट विणलेल्या उत्तम चित्रपटाची आठवण सांगताना त्यात बदल करायला धीर होत नाही. सैल चित्रपटात ऐकणाऱ्याला शिरायला जागा असते.

या आठवणींचा एक पक्ष मात्र लंगडा आहे. नऊ ते बाराच्या शोला मुली-बायका क्वचितच जात, त्यामुळे थेटरातल्या भयाच्या कथा बहुतेक पुरुषांच्या तोंडून येतात. हे चित्र १९९३ साली बदलले. त्या वर्षी झी टीव्हीवर रामसेंचाच ‘झी हॉरर शो’ सुरू झाला आणि भीती घराच्या पुढच्या खोलीत आली. त्याच वर्षी महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ आला. मारेकऱ्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटातली, पण रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू इतके मराठी निघाले की मूळ चित्रपट इथे कुणाला आठवतही नाही. बहिणी, मावसबहिणी, शेजारच्या काकू यांच्याकडे आज ज्या आठवणी आहेत त्या या घरातल्या पडद्याच्या आहेत, आणि त्या वेगळ्या तऱ्हेने सांगितल्या जातात. कोण उशीत तोंड खुपसून बसले, कुणी बाहुली कपाटात कोंडून ठेवली, कुणाला मागच्या दाराची कडी लावायला पाठवले. पुरुष पडद्याबद्दल जास्त बोलतात, बायका खोलीबद्दल. इतिहास म्हणून दुसरी नोंद मला अधिक मोलाची वाटते, कारण पडदा आजही पाहता येतो, खोली नाही.

आता आक्षेप. पहिला असा की या आठवणी चुकीच्या असतात. दोन चित्रपटांतले प्रसंग एकमेकांत मिसळतात, न पाहिलेले दृश्य पाहिल्यासारखे सांगितले जाते, मग त्यांना किंमत काय? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालच्या ‘रिमेंबरिंग’ या पुस्तकात यावरच प्रकाश टाकला आहे. योगायोग असा की त्यांनी वापरलेली कथाही भुतांचीच होती. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने पुन्हा सांगायला लावली. सांगताना डोंग्यांच्या बोटी झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली, आणि भुते तर पुष्कळदा गळूनच गेली. माणूस आठवतो तेव्हा जुना ऐवज जसाच्या तसा बाहेर काढत नाही, आपल्या जगात बसेल असा तो नव्याने रचतो, असा बार्टलेटचा निष्कर्ष. आपल्याकडे उलटी गंमत दिसते. इंग्रज वाचकांनी भुते गाळली, आपण ती वाढवतो. चुकीच्या आठवणीतून चित्रपटाबद्दल माहिती मिळणार नाही, हे मान्य. सांगणाऱ्याबद्दल आणि त्याच्या गावाबद्दल मात्र ती खूप सांगते. कुणी साम्रीची हवेली ओळखीच्या पडक्या वाड्यासारखी रंगवत असेल, तर ती चूक नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

पुन्हा सांगण्यातून नवे काही घडते, याचा सर्वांत ठळक पुरावा मराठीतच आहे. राही अनिल बर्वे यांना १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने भयकथालेखक नारायण धारपांची एक कथा सांगितली. ती भीती त्यांच्या मनात घर करून राहिली, १९९७ साली त्यांनी पहिला मसुदा लिहिला, आणि २०१८च्या ऑक्टोबरमध्ये ‘तुंबाड’ पडद्यावर आला. रात्र, जंगल आणि मित्राच्या तोंडची कथा यांच्यापासून कणकेच्या बाहुल्यांकडे झेपावणाऱ्या हस्तर या लोभी देवापर्यंतचा हा पंचवीस वर्षांचा प्रवास आहे. पुढचा भाग तितकाच बोलका आहे. पहिल्या प्रदर्शनात चित्रपटाने बेताचीच कमाई केली. पण ज्यांनी पाहिला ते इतरांना सांगत राहिले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि सहा वर्षांपूर्वीच्या दुपटीहून अधिक पैसे मिळवून गेला. तोवर तो घरबसल्या मोबाइलवर उपलब्ध होता, तरीही लोक थेटरात गेले. आता सगळे फोनवर मिळते, आठवणी सांगायची गरजच काय, असे म्हणणाऱ्यांनी या आकड्यांचा विचार करावा. मोबाइलवर चित्रपट मिळतो, सोबत घाबरणारा मिळत नाही.

धुळ्याहून पन्नासेक किलोमीटरवरचे मालेगावही हेच सांगते. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २०००च्या सुमारास मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. पुढचा ‘मालेगाव का सुपरमॅन’ कसा घडला, त्यावर फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला. शेख यांचे चित्रपट भयपट नव्हते, पण मुळाशी कृती तीच: आवडता चित्रपट मित्रांनी मिळून आपल्या गावाच्या भाषेत पुन्हा सांगायचा.

सर्वांत वजनदार आक्षेप अंधश्रद्धेचा आहे आणि खान्देशात तो झटकून टाकता येणार नाही. १९९८ सालापर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या, आज नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या सातपुड्यात ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले गेले आहे, जीवही गेले आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला, तो अशाच छळाला आळा घालण्यासाठी. अशा मुलखात रामसेंच्याच ‘वीराना’सारखा चित्रपट, ज्यात सुंदर बाई म्हणजे चेटकीण आणि तिला फाशी देणारे म्हणजे नायक, निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही. त्यातले चित्र बाईवर संशय घ्यायलाच शिकवते. माझे म्हणणे एवढेच की हे विष उतरवण्याचा एक मार्ग त्या गप्पांतूनच जातो. चित्रपट अंधारात एकेकट्याला घाबरवतो. गप्पांमध्ये रक्त कशाचे होते, मुखवटा कुठे फाटला होता, चेटकिणीचे पाय उलटे कसे दाखवले, हे उघड होते. भीती कशी बनवली जाते ते एकदा कळले की भगताच्या हातचलाखीकडेही माणूस त्याच नजरेने पाहू शकतो, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवून मग तो फोडून सांगतात ते याच तत्त्वावर. अर्थात हे आपोआप होत नाही. बैठकीत एखाद्याने ‘आमच्या गल्लीतली ती म्हातारी तशीच’ असे म्हटले, की तिथेच त्याला थांबवणारा मित्र लागतो. पडद्यावरच्या भुताची मजा आणि जिवंत बाईवरचा आळ यांच्यामधली रेघ पुसू देणे हा गुन्हा आहे, आणि ती रेघ सांभाळणे सोबत हसणाऱ्यांचेच काम आहे.

लहान मुलांबद्दलचा इशाराही खरा आहे. अमेरिकेत क्रिस्टन हॅरिसन आणि जोअॅन कँटर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीडशेच्या आसपास विद्यार्थ्यांपैकी ९० टक्क्यांना लहानपणच्या एखाद्या भीतिदायक दृश्याची आठवण होती, आणि सुमारे चौथ्या हिश्श्याला तेव्हाही त्याचा थोडा त्रास होत होता. म्हणून सहा-सात वर्षांच्या पोरांसमोर या गप्पा नकोत. मोठ्या माणसाने मात्र आपली जुनी भीती बोलून दाखवावी. आपण एकटेच घाबरलो होतो असे ज्याला वाटत आले, त्याला शेजारचाही तेवढाच टरकला होता हे कळण्याने मोकळे वाटते.

राहिला नोंदीचा प्रश्न. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुनी दफ्तरे गोळा करत राहिले. १९२६ साली त्यांचे निधन धुळ्यातच झाले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तो ठेवा आजही इथे सांभाळते. ज्या शहराने जुन्या कागदांची किंमत ओळखली, त्याने चित्रपट पाहणाऱ्यांच्या आठवणींनाही साधन मानायला हरकत नसावी. एकपडदा थेटरे बंद पडत आहेत, व्हिडिओ पार्लर तर केव्हाच गेले. मात्र नोंद करताना एक पथ्य पाळायला हवे. १९९०च्या दशकापासूनच्या प्रयोगांत दिसले आहे की माणसे एकत्र बसून आठवतात तेव्हा एकाच्या बोलण्यामुळे दुसऱ्याचा धागा तुटतो, आणि त्यांनी वेगवेगळे आठवून केलेल्या यादीपेक्षा गटाची यादी लहान निघते. म्हणून आधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहावे किंवा फोनवर रेकॉर्ड करावे: कोणता चित्रपट, कोणते थेटर की कुणाचे घर, सोबत कोण होते, घरी कसे परतलो, कोणते दृश्य आठवते. मग सगळ्यांनी एकत्र बसून ते वाचावे आणि भांडावे. दोन्ही नोंदी ठेवाव्यात, पहिली एकेकट्याची आणि दुसरी भांडणानंतरची. सुरुवात आई-मावशी-आत्यांपासून करावी, कारण त्यांना हे आजवर कुणी विचारलेलेच नाही.