अमेरिकेतील आरोग्य बचत खाते आणि परराज्याचा कर

आपल्या अनेक बांधवांची मुले आज अमेरिकेत नोकरीला आहेत. पगार, विमा, कर यांचा हिशेब ती फोनवर घरच्यांना सांगतात. त्यातील एक बाब नीट समजून घेण्यासारखी आहे, म्हणून आम्ही ती येथे मांडतो.

तेथे 2004 पासून 'हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट' म्हणजे आरोग्य बचत खाते सुरू आहे. ज्या विम्यात सुरुवातीचा मोठा खर्च स्वतः सोसावा लागतो, तो विमा घेणाऱ्यालाच हे खाते उघडता येते. 2026 साली एकट्या माणसाला 4,400 डॉलर आणि कुटुंबाला 8,750 डॉलरपर्यंत रक्कम ठेवता येते. त्यावर केंद्राचा आयकर लागत नाही. बहुतेक राज्येही ही सवलत मानतात. पण कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी मानत नाहीत. थान एकच, गज मात्र दोन, असा हा प्रकार आहे.

घर एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्यात असेल, तर बहुतेकदा नोकरीच्या राज्यात 'नॉनरेसिडेंट' म्हणून विवरणपत्र भरावे लागते. या शब्दाचा येथे व्हिसाशी संबंध नाही. फक्त राहण्याचे राज्य वेगळे, एवढाच अर्थ.

समजा, मुलगा नेवाडात राहतो. पगार 80,000 डॉलर. त्यातून 4,000 डॉलर मालकामार्फत खात्यात जातात. केंद्र 76,000 धरते, कॅलिफोर्निया 80,000. कामाचे निम्मे दिवस कॅलिफोर्नियात भरले, तर तेथील उत्पन्न 38,000 नव्हे, 40,000 होते. शिवाय कराचा दर सगळ्या उत्पन्नावरून ठरतो, निम्म्यावरून नाही.

उलट बाजूही पाहा. न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कमध्ये काम करणारे पुष्कळ आहेत. न्यूयॉर्क या रकमेवर कर घेत नाही. घरचे राज्य न्यू जर्सी घेते. न्यूयॉर्कला दिलेल्या कराची वजावट न्यू जर्सीत मिळते, पण ती दोन्हीकडे कर लागलेल्या उत्पन्नापुरतीच. खात्यातील रक्कम त्यात धरता येत नाही.

मालकाकडून मिळणाऱ्या डब्ल्यू-2 फॉर्ममध्ये बारावा रकाना पाहावा. तेथे 'डब्ल्यू' अक्षरापुढे जी रक्कम असते, तीच या खात्यात गेलेली असते. मालकाने स्वतःकडून घातलेले पैसेही तिच्यातच येतात. मग पहिला रकाना (केंद्राचे वेतन) आणि सोळावा (राज्याचे वेतन) ताडून पाहावेत. सोळाव्यात मालकाने ती रक्कम आधीच मिळवली असेल तर पुन्हा मिळवू नये. नसेल तर स्वतः मिळवावी.

एवढ्यावरून खाते बंद करण्याचे कारण नाही. केंद्राची सवलत राज्याच्या करापेक्षा सहसा मोठीच असते. मात्र दरवर्षीचा डब्ल्यू-2 आणि खात्याचा उतारा जपून ठेवावा. दोन राज्यांचा मामला असेल तर तेथील जाणकार हिशेबनिसाला फी देऊन विचारावे. नंतर नोटीस आली की कराबरोबर व्याज आणि दंडही भरावा लागतो, आणि तो या फीपेक्षा महाग पडतो.