वाळूचें कोडें आणि त्याचे वाचक

अर्स्किन चिल्डर्स या लेखकाची ‘दि रिडल ऑफ दि सँड्स’ ही इंग्रजी कादंबरी १९०३ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाली. मराठींत तिला ‘वाळूचें कोडें’ म्हणतां येईल. आधुनिक हेरकथेच्या घराण्यांत तिला मूळपुरुषाचा मान देण्याची रीति पडली आहे; परंतु मूळपुरुषाविषयीं वंशजांचें एकमत क्वचितच असतें, आणि या पुस्तकाच्या बाबतींतहि तें नाहीं. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं तरी तें छापलें जातें, वाचलें जातें. कोणी तें डोक्यावर घेतो, तर कोणी चाळीस-पन्नास पानांनंतर मिटून बाजूला ठेवतो. हा मतभेद केवळ रुचीचा आहे असें मला वाटत नाहीं. हेरकथा कशासाठीं वाचावयाची, आणि कादंबरीकारानें रचलेल्या गोष्टीवर विश्वास तरी किती टाकावयाचा, हे दोन प्रश्न त्यांत गुंतलेले आहेत. त्यांतील दुसरा प्रश्न तर एकदां प्रत्यक्ष न्यायालयांतहि निघाला.

कथानक थोडक्यांत असें. कॅरुथर्स हा ब्रिटिश परराष्ट्रखात्यांतील तरुण अधिकारी. सप्टेंबर महिना आहे, सारे मित्र लंडन सोडून गेलेले आहेत, आणि हा कचेरीच्या कामांत अडकून स्वतःवरच रुसून बसला आहे. अशा वेळीं ऑक्सफर्डमधील जुन्या ओळखीचा डेव्हिस त्याला पत्र लिहितो : मी बाल्टिक समुद्रांत नौका घेऊन आलों आहें, बदकांच्या शिकारीला ये, आणि येतांना एक होकायंत्र, एक स्टोव्ह व अमुक अमुक सामान आण. पांढऱ्या गणवेषांतील खलाशी व टापटिपीची केबिन यांचीं स्वप्नें पाहत कॅरुथर्स फ्लेन्सबुर्गला पोंचतो, तों त्याला दिसते एका जुन्या जीवरक्षक होडीची केलेली तीस फुटी नौका. नोकर नाहीं, चाकर नाहीं; अंथरूण ओलें, आणि उभें राहिलें तर डोकें छताला आपटतें. शिकार हें निमित्त होतें, हें त्याला हळूहळू कळतें. डॉलमन नांवाच्या गृहस्थानें वाट दाखविण्याच्या मिषानें आपल्याला वादळांत उथळ वाळूकडे नेऊन बुडविण्याचा प्रयत्न केला, आणि तो स्वतःला जर्मन म्हणवीत असला तरी मूळचा इंग्रज आहे, असा डेव्हिसला संशय आहे. मग दोघे कील कालव्यानें उत्तर समुद्रांत उतरतात आणि फ्रिजियन बेटांच्या मागील पाण्यांत शोध सुरू होतो.

येथपर्यंत येण्यास बरींच पानें खर्च होतात, आणि वाचकांची पहिली तक्रार येथेंच उद्भवते. हेर कोठें आहेत? पिस्तुलें कोठें आहेत? येथें तर पानोपानीं शिडें, दोर, नांगर, पाण्याची खोली आणि भरती-ओहोटीच्या वेळा! दुसरी तक्रार नकाशांची. पुस्तकाला दोन भूगोलाचे व दोन सागरी असे चार नकाशे जोडलेले आहेत, आणि एक बोट नकाशावर ठेवल्यावांचून उत्तरार्ध नीट समजत नाहीं. आरामखुर्चींत पडून वाचणाऱ्याला ही शिक्षाच वाटते. मात्र हीच तक्रार करणारे वाचक पुष्कळदां एक कबुलीहि देतात, कीं धुक्याचें प्रकरण सुरू झाल्यावर पुस्तक खालीं ठेववलें नाहीं.

माझें मत विचाराल तर बाल्टिकमधील एक-दोन प्रकरणें आंखूड झालीं असतीं तरी चाललें असतें. परंतु तपशिलाविषयींची मूळ तक्रार मला मान्य नाहीं. आणि ती कां, हें समजण्यासाठीं त्या किनाऱ्याची ठेवण ध्यानांत घेतली पाहिजे. जर्मनीच्या वायव्य किनाऱ्यासमोर बोर्कुमपासून वांगेरोगपर्यंत सात बेटांची ओळ आहे. बेटें आणि मुख्य भूमि यांच्यामधील समुद्र दिवसांतून दोनदां जवळजवळ नाहींसा होतो. ओहोटी लागली कीं मैलोगणती वाळू व चिखल उघडा पडतो आणि त्यांतून पाण्याचे वांकडे-तिकडे ओहळ तेवढे उरतात. भरतीला पुन्हां सर्व सारखें दिसूं लागतें. आपल्याकडील खाडीच्या मुखाशीं ओहोटीची वाळू ज्यांनीं पाहिली आहे, त्यांनीं ती कित्येक पटींनीं वाढवून, वर उत्तरेकडील थंडी आणि धुकें घालून पाहावें. अशा ठिकाणीं कोणता ओहळ अर्ध्या भरतीला किती खोल असतो हें ज्याला माहीत, तो राजा. इतरांच्या नौका वाळूंत रुतून बसावयाच्या.

म्हणून या कादंबरींतील हेरगिरी ही एक प्रकारची मोजणी आहे. गुप्त कागद नाहींत, विष नाहीं, मोहिनी घालणारी परदेशी सुंदरी नाहीं. दोन माणसें काठीनें पाण्याची खोली मोजीत हिंडतात, इतकेंच. युद्ध झालें तर याच उथळ वाटांनीं लहान नौकांना लपतां व हल्ला करतां येईल, ही डेव्हिसची पहिली अटकळ. ती पुरती खरी नसते, पण खऱ्या उत्तराजवळ नेणारी असते. ज्यानें हे आंकडे कंटाळून गाळले, त्याला शेवटीं किनाऱ्यावरील सात लहान नाल्यांना एवढें महत्त्व कां आलें, हें उमगणार नाहीं. लेखकानें आपला पुरावा वाचकाच्या समोर उघडा मांडून ठेवला आहे; तो नीरस दिसतो म्हणूनच कोणाच्या नजरेंत भरत नाहीं.

धुक्याच्या प्रकरणांत या साऱ्या मोजणीचें चीज होतें. नॉर्डर्नाय बेटापासून मेमर्टच्या वाळूपर्यंत दोघांना एका लहान होडींतून, हातभर अंतरावरचें दिसत नसतां, ओहोटीची वेळ साधून जावयाचें असतें. होकायंत्र, घड्याळ, नकाशा, आणि तळाला लागणारी काठी एवढींच साधनें. वळण चुकलें किंवा पाणी ओसरण्याआधीं मधला उंचवटा ओलांडला गेला नाहीं तर सगळा डाव फसला. कोणी पाठलाग करीत नाहीं, बंदूक झाडीत नाहीं. तरी वाचकाचा श्वास अडकतो. जॉन बकनच्या १९१५ सालच्या ‘थर्टी-नाइन स्टेप्स’मधील नायक सदा धांवत असतो, आणि ती धांव वाचावयास मौजेची आहेच, परंतु घड्याळाच्या कांट्यावर आणि ओसरत्या पाण्यावर असा प्रसंग उभा करणें अधिक कठीण. स्वतः बकननेंहि या पुस्तकाची मोठी वाखाणणी केली होती.

नौकानयनाचे शौकीन वाचक या पुस्तकाचे सर्वांत एकनिष्ठ भक्त. त्यांना तपशील खोटा वाटत नाहीं, कारण तो खोटा नाहीं. चिल्डर्सनें १८९७ सालीं ‘व्हिक्सन’ नांवाच्या आपल्या लहानशा नौकेंतून याच बेटांमधून बाल्टिकपर्यंत प्रवास केला होता, आणि त्या प्रवासाची रोजनिशी पुढें कादंबरीच्या कामीं आली. तेव्हां तो पार्लमेंटच्या कॉमन्स सभेंत कारकुनी करीत असे. म्हणजे कचेरींत गुदमरणारा कॅरुथर्स आणि समुद्रावर मोकळा होणारा डेव्हिस, दोघेहि त्याच्याच घरचे.

डॉलमनची मुलगी क्लारा हिच्याविषयीं मात्र वाचकांचें बहुतेक एकमत आहे : ती जमली नाहीं. डेव्हिसच्या मनाची ओढाताण दाखविण्यासाठीं ती हवी, पण ती स्वतः कागदावरून उठून उभी राहत नाहीं. लेखकालाहि हें ठाऊक होतें. मुलीला कथेंत घुसडल्यानें आपल्याला उपद्रवच झाला, अशा अर्थाची कुरकुर त्यानें एका पत्रांत केली आहे. स्त्रीपात्राला इतका संकोचून वागविणारा लेखक पाहून आजच्या वाचिका हंसल्या तर त्यांना दोष देतां येणार नाहीं.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. ज्यांना कोडें स्वतःच सोडवावयाचें असेल, त्यांनीं पुढील दोन वाक्यें कानांआड करावीं. त्या सात नाल्यांमधून भरतीच्या वेळीं सैन्यानें भरलेले उथळ तराफे बाहेर काढावयाचे, आणि वाफेच्या लहान बोटींनीं ते ओढून इंग्लंडच्या असंरक्षित पूर्व किनाऱ्यावर उतरवावयाचे, असा जर्मन बेत नायकांच्या हातीं लागतो. चिल्डर्सनें हा मजकूर आपण केवळ संपादक म्हणून छापीत आहों, असा बहाणा प्रस्तावनेंत केला आहे आणि खरीं नांवें झांकल्याचें सांगितलें आहे.

बहाणा लोकांना पटला, किंवा पटावा असें त्यांना वाटलें. नाविक खात्याच्या गुप्तवार्ता विभागानें या बेताची छाननी केली आणि तो अव्यवहार्य ठरविला. या पुस्तकामुळेंच स्कॉटलंडमध्यें रोसाइथ येथें आरमारी तळ उभारला गेला, असें पुढें पुष्कळांनीं म्हटलें. परंतु फोर्थच्या मुखाशीं तळासाठीं जागा निवडली गेल्याची बातमी पुस्तक छापखान्यांत असतांनाच आली होती, आणि मार्च १९०३ च्या पुरवणींत लेखकानें स्वतःच तिचा उल्लेख केला आहे. पुस्तकानें वारा निर्माण केला नाहीं. वाऱ्याची दिशा ओळखून शीड उभारलें. जर्मन आरमाराच्या वाढीची धास्ती इंग्लंडांत आधींच होती.

१९१० च्या ऑगस्टमध्यें मात्र प्रकरण गंभीर झालें. आरमारांतील लेफ्टनंट ब्रँडन आणि मरीन दलांतील कॅप्टन ट्रेंच हे दोन ब्रिटिश अधिकारी त्याच किनाऱ्यावरील तटबंदीची टेहळणी करतांना जर्मनांच्या हातीं सांपडले. लाइप्झिगच्या न्यायालयांत डिसेंबरांत खटला चालला, तेव्हां या कादंबरीचें नांव निघालें, आणि आपण ती वाचली असल्याचें ब्रँडननें कबूल केलें. दोघांना चार चार वर्षांची किल्ल्यांतील कैद झाली; १९१३ सालीं कैसरनें त्यांना मुक्त केलें. कादंबरीनें त्यांना तेथें पाठविलें असें मी म्हणणार नाहीं, त्यांना पाठविणारे वरिष्ठ होते. परंतु त्या खोलीकडे पाहून न्यायाधीशांना एखादी गोष्ट आठवावी, याला गोष्टीचें यश म्हणावें कीं दुर्दैव?

येथें विल्यम ल क्यू याची आठवण होते. त्याची ‘१९१० ची स्वारी’ ही कादंबरी १९०६ सालीं ‘डेली मेल’मध्यें क्रमशः आली, तेव्हां काल्पनिक जर्मन फौजेचा मार्ग वृत्तपत्राचा खप वाढेल अशा गांवांवरून वळविण्यांत आला होता! पुढें त्याच्या ‘कैसरचे हेर’ या १९०९ सालच्या पुस्तकानंतर वाचकांचीं पत्रें येऊं लागलीं : अमुक न्हावी संशयास्पद, तमुक हॉटेलांतील वाढपी रात्रीं नकाशे काढतो. हीं पत्रें सैन्यांतील अधिकाऱ्यांपर्यंत पोंचलीं, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश गुप्तहेर खातें स्थापन होण्यास जीं कारणें झालीं, त्यांत या घबराटीचाहि वांटा होता. चिल्डर्सला या रांगेंत बसविणें मात्र अन्यायाचें होईल. त्याचा डेव्हिस जर्मनांचा द्वेष करीत नाहीं. त्यांच्या उद्योगाचें आणि समुद्राच्या ओढीचें तो कौतुकच करतो, आणि दोष देतो तो स्वदेशाच्या गाफिलपणाला. ज्या वाचकांना या पुस्तकांत केवळ जर्मनद्वेष दिसतो, त्यांनीं डेव्हिसचें बोलणें पुन्हां एकदां वाचावें.

१९२२ नंतर तर हें पुस्तक निराळ्या डोळ्यांनीं वाचलें जाऊं लागलें. चिल्डर्सचें बालपण आयर्लंडांत गेलें होतें. बोअर युद्धांत इंग्रजांच्या बाजूनें लढलेला हा गृहस्थ पुढें आयरिश स्वातंत्र्याचा पक्षपाती झाला. जुलै १९१४ मध्यें त्यानें आपल्या ‘अस्गार्ड’ नौकेंतून नऊशें बंदुका डब्लिनजवळ हाउथ बंदरांत भरदिवसां उतरविल्या. लगेच महायुद्ध पेटलें, तेव्हां तोच माणूस ब्रिटिश आरमारांत दाखल झाला आणि त्या वर्षींच्या नाताळांत कुक्सहाफेनवरील विमानहल्ल्यांत निरीक्षक म्हणून गेला. म्हणजे आपल्याच कादंबरींतील किनारा त्यानें वरून पाहिला. १९२१ च्या आयरिश तहाच्या वाटाघाटींत तो शिष्टमंडळाचा चिटणीस होता. त्या तहाला विरोध करून तो यादवी युद्धांत उतरला. नोव्हेंबर १९२२ मध्यें त्याला पकडण्यांत आलें. परवान्यावांचून पिस्तूल बाळगल्याच्या आरोपावरून, अपिलाचा निकाल लागण्यापूर्वींच, २४ तारखेला आयरिश सरकारच्या सैनिकांनीं त्याला गोळ्या घातल्या. मरण्यापूर्वीं त्यानें त्या सैनिकांशीं हस्तांदोलन केलें. इंग्रजांच्या लेखीं तो फितूर होता, आणि आयर्लंडांतील त्याचे कांहीं विरोधक त्याला इंग्रजांचा हस्तक म्हणत. त्याचा मुलगा १९७३ सालीं आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

हें कळल्यावर डॉलमनचें पात्र पूर्वींसारखें वाचतां येत नाहीं. डॉलमन हा पूर्वीं इंग्रजी आरमारांतील अधिकारी. देश बदललेला, आणि दोन्हीकडे परका झालेला. शेवटीं परतीच्या वाटेवर तो नौकेवरून मुकाट्यानें समुद्रांत उतरतो, आणि लेखक त्याच्या मनांतलें एक अक्षरहि सांगत नाहीं. पूर्वींच्या वाचकांना ही पात्राला विल्हेस लावण्याची सोईस्कर युक्ति वाटे. मला त्या मौनांत दया दिसते. डेव्हिसहि त्याला शासन व्हावें म्हणून आग्रह धरीत नाहीं, आणि तें केवळ क्लारासाठीं असेल असें वाटत नाहीं. यावर वाद होऊं शकेल, आणि तो व्हावा.

ज्यांना पुस्तक वाचावयाचें असेल त्यांना एकच सूचना. नकाशे गाळून छापलेली आवृत्ति हातीं आली, तर ती परत करावी आणि नकाशांची मिळवावी. पहिल्या वाचनांत दोरांचीं व शिडांचीं नांवें समजलीं नाहींत तरी थांबूं नये; कॅरुथर्सलाहि तीं प्रथम समजत नाहींत.