परकोट आणि खिडक्या

चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर असे चार दरवाजे, आणि त्यांखेरीज पाच लहान खिडक्या आहेत. दरवाज्यांच्या भव्यतेने प्रेक्षकाचे डोळे दिपतात खरे, परंतु किल्लेदाराला झोप लागू न देणाऱ्या जागा बहुधा या खिडक्याच असाव्यात. मेंदूच्या बंदोबस्ताचेही तसेच आहे. कवटीची आठ हाडे, कण्याचे तेहतीस मणके, त्यांच्या आतली तीन आवरणे आणि ज्यात तरंगल्यामुळे चौदाशे ग्रॅमांचा मेंदू पन्नासेक ग्रॅमांइतकाच भरतो ते दीडशे मिलिलिटर पाणी, एवढे वर्णन शालेय पुस्तकातही सापडते.

आतला तट मात्र फार उशिरा ध्यानात आला. शास्त्रज्ञ पॉल एर्लिखने १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सारी इंद्रिये रंगली आणि मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूला रंगाचे वावडे असावे, असा त्याने तर्क केला. त्याच्याच शिष्याने, एडविन गोल्डमानने, १९१३ मध्ये तसाच एक रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तो मेंदू रंगला आणि शरीर कोरे! मधली भिंत म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्यांचे अस्तर. त्यातील पेशींचे सांधे इतके घट्ट, की साखरेलासुद्धा नेमलेल्या वाहकाच्या हातूनच आत जावे लागते. मद्याला मात्र कोणी अडवीत नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, पण मोहाच्या दारूला या नाक्यावर परवाना लागत नाही.

रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार चावते, दंश जाणवतही नाही, आणि पहाटे पापण्या उचलेनाशा होऊन श्वास मंदावतो. नातलगांना वाटते, शुद्ध हरपली. परंतु विषातली मोठाली प्रथिने तटाबाहेरच अडलेली असतात, ती केवळ मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारे हुकूम रोखतात, आणि निश्चल पडलेला तो मनुष्य उशाशी चाललेला आक्रोश ऐकत असू शकतो. अशा वेळी प्रतिविष आणि कृत्रिम श्वास या दोहोंवरच त्याचा जीव अवलंबून असतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत जुना असलेला फॅल्सिपेरम हिवताप याहून धूर्त. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी चांद्याचा, म्हणजे याच चंद्रपूरचा, तट फोडला. हिवतापाचा जंतू मात्र काहीच फोडीत नाही. त्याने पछाडलेल्या तांबड्या पेशी केशवाहिन्यांच्या अस्तराला आतून चिकटतात, रसद तुंबते, अस्तर पाझरू लागते, मेंदू सुजतो. आणि जी कवटी आजवर रक्षण करीत आली, तीच आता सुजेला वाव न देऊन त्याला आवळू लागते. रोगी बेशुद्ध होतो, झटके येतात, आणि मेंदूज्वराची शंका बळावते.

तेव्हा डॉक्टर पाठीच्या खिडकीकडे वळतो. मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, म्हणून त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधून सुई घालून तो थोडे पाणी काढतो. जिवाणूंच्या मेंदूज्वरात ते बहुधा गढूळ निघते. हिवतापात बहुधा स्वच्छ, कारण शत्रू आत आलेलाच नसतो. तो सापडतो बोटाच्या टोकावरून काचपट्टीवर घेतलेल्या रक्ताच्या थेंबात.