जुन्या पिकअपचे ॲव्हरेज: काय काढायचे, काय ठेवायचे

हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजाराबाहेर पिकअपची रांग लागते. हौद्यात क्रेट रचलेले, वरून ताडपत्री ओढलेली. रांग मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते आणि तिच्यातल्या जुन्या गाड्यांची इंजिने धडधडतच राहतात. चालकाला विचारले तर सरळ उत्तर मिळते: बंद केली तर पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही. बॅटरी उतरलेली, सेल्फ ओढत नाही, हीटर प्लग कधीचेच गेलेले.

अडीच लिटरचे डिझेल इंजिन जागच्या जागी फिरत राहिले तरी तासाला साधारण अर्धा लिटर डिझेल पिते. रोज एक तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दीडशे लिटर झाले. इतके डिझेल गाडी एक फूटही पुढे न जाता संपते, आणि पुष्कळदा त्याचे मूळ सापडते ते बॅटरीपासून चॅसिसकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीत. बोल्टखाली गंज धरलेला असतो, सेल्फला पुरेसा करंट मिळत नाही, म्हणून मालक नवी बॅटरी घेतो आणि महिन्याभरात तीही उतरते. बोल्ट खोलून ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, इंजिन आणि चॅसिस यांच्यामधली पट्टी बदलली की गाडी अर्ध्या सेल्फवर उठते. मग रांगेत इंजिन बंद करायला चालक कचरत नाही.

जुन्या पिकअपचे ॲव्हरेज सुधारायचे म्हणजे काय, हे या एका वायरीवरून पुष्कळसे कळते. गाडीत नवीन काही बसवण्याआधी तिच्यावर वर्षानुवर्षे साचलेले ओझे, अडथळे आणि अर्धवट दुरुस्त्या उतरवाव्या लागतात.

महाराष्ट्राच्या गावागावांत अजून राबणाऱ्या जुन्या पिकअप मुळातच साध्या आहेत. महिंद्राच्या कित्येक जुन्या गाड्यांत २५२३ सीसीचे चार सिलिंडरचे डीआय इंजिन असते. त्याच्या माहितीपत्रकात सिलिंडरचा व्यास ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर असे चमत्कारिक आकडे दिसतात. इंचांत मांडले की उलगडा होतो: साडेतीन इंच आणि चार इंच. इंजिनाची घडण इंचांच्या जमान्यातली आहे. टाटाच्या जुन्या २०७ चे इंजिनही, आकाराने थोडे मोठे असले तरी, याच सरळ स्वभावाचे. संगणक नाही, सेन्सरचे जाळे नाही. डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे पंपातले गव्हर्नर, स्प्रिंगा आणि प्लंजर मिळून ठरवतात.

अमेरिकेतही अशा साधेपणावर जीव टाकणारे लोक आहेत. १९८९ ते १९९८ या काळात डॉज कंपनीच्या पिकअपमध्ये ५.९ लिटरचे, बारा वॉल्व्हचे कमिन्स इंजिन येत असे. एकदा फिरू लागले की ते चालू ठेवायला जवळजवळ एकच वायर पुरते, डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडची. त्यामुळे ते तिथे आजही शोधून शोधून विकत घेतले जाते. कमिन्स हे नाव मराठी वाचकाला परके नाही. पुण्यात १९६२ पासून किर्लोस्करांच्या जोडीने सुरू झालेला हा कारभार पुढे फलटणपर्यंत पोचला आहे.

साधेपणाचा मोठा गुण असा की बिघाड हाताला लागतो, डोळ्यांना दिसतो. त्यात सर्वांत बोलका भाग म्हणजे नोझल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि तिच्यात सोडलेले डिझेल पेट घेते. ते नीट पेटायचे तर धुक्यासारखे बारीक होऊन आत जायला हवे. पंपवाल्याच्या दुकानात नोझल तपासायचे एक छोटे यंत्र असते, त्यावर इंजेक्टर बसवून हाताने दांडा दाबतात. काटा ठरलेल्या दाबाला पोचला की चांगले नोझल कर्र-कर्र असा कोरडा आवाज काढते आणि प्रत्येक छिद्रातून सारखा फवारा उडतो. झिजलेले नोझल मुके असते. त्यातून धार लागते आणि दांडा सोडल्यावर टोकावर एक थेंब लोंबत राहतो. तो थेंब सिलिंडरमध्ये उशिरा जळतो, अर्धवट जळतो आणि काळा धूर होऊन सायलेन्सरमधून निघून जातो. नाशिकच्या मायको सर्कलला ज्या कारखान्याचे नाव पडले, तिथे हीच इंजेक्टर आणि नोझल पिढ्यान्‌पिढ्या बनत आली आहेत. मुके नोझल बदलणे हा जुन्या गाडीवरचा सर्वांत लवकर वसूल होणारा खर्च आहे.

नोझल बदलले, पंप कॅलिब्रेट करून घेतला, टायमिंग आणि टॅपेट जुळवले की इंजिनाचे बहुतेक दुखणे संपते. एअर क्लीनर मात्र विसरू नये. शेताच्या वाटेवर धावणाऱ्या गाडीचा फिल्टर धुळीने लवकर गच्च होतो, आणि हवा कमी पडली की डिझेल पुन्हा काळा धूरच होते.

इथपर्यंतचे काम कोणताही चांगला मिस्त्री करतो. अडचण सुरू होते ती ‘साधेपणा’ या शब्दाचा चुकीचा अर्थ लावला की. सर्वांत जास्त नुकसान करणारे उदाहरण थर्मोस्टॅटचे. गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, हा कितीतरी गॅरेजांतला रिवाज आहे. तो काढला की पाणी सदैव रेडिएटरमधून फिरत राहते, काटा खाली बसतो आणि मालक खूश होतो. पण हा झडपेचा तुकडा साधारण ८०-८५ अंशांपर्यंत पाणी अडवून धरतो तो इंजिन लवकर गरम व्हावे म्हणून. तो नसेल तर थंडीच्या दिवसांत, छोट्या फेऱ्यांवर, इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही. ऑइल घट्ट राहते, घर्षण वाढते, डिझेल अपुरे जळते, न जळलेले थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि सिलिंडर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसल्याने पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच परततो, आणि उन्हाळ्यात घाटात गाडी उलट जास्त तापते. मूळ रोग चोंदलेला रेडिएटर किंवा सैल फॅन बेल्ट हा असतो, तो तसाच राहतो.

दुसरी चूक पंपाचे सील तोडून ‘डिझेल वाढवून’ घेण्याची. चढाला जोर येतो, हे खरे. पण इंजिनात जाणारी हवा तेवढीच राहते आणि त्या हवेत जळू शकेल त्याहून जास्त डिझेल टाकून काही साधत नाही. मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर जो काळा लोट येतो, तो मालकाने पैसे मोजून घेतलेला असतो.

तिसरी गोष्ट ईजीआरची. बीएस-३ आणि त्यानंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी ही झडप असते. काजळीने ती चिकटते, मग कोणीतरी पत्र्याची चकती लावून वाट बंद करायला सुचवतो. हे करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करायला मनाई आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या झडपेने रोखलेले नायट्रोजन ऑक्साइड बाजारपेठेत, शाळेच्या दारात, हमालांच्या फुप्फुसात जातात. झडप काढून साफ करून पुन्हा बसवणे हे एका दुपारचे काम आहे.

मग खरोखर काढायचे काय? जे गाडीबरोबर आलेच नव्हते ते आधी. पुढचे लोखंडी गार्ड काढावे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्याविरुद्ध कारवाईचे निर्देशच राज्यांना दिले आहेत. केबिनवरचे जाड कॅरिअर, न लागणारे जास्तीचे दिवे, प्रेशर हॉर्न, त्यांच्यासाठी जागोजागी सोललेल्या वायरींचे जुडगे हेही काढावे. जास्त माल भरता यावा म्हणून चढवलेले जादा पाटेही त्यातच येतात. हे पाटे गाडी रिकामी परतताना काहीच कामाचे नसतात, त्यांचे वजन मात्र प्रत्येक फेरीत वाहावे लागते.

इंजिनासारखेच चाकांपाशीही डिझेल वाया जाते, आणि तिकडे फार कमी लोक पाहतात. पाच-दहा किलोमीटर चालवून आल्यावर, शेवटी फारसा ब्रेक न मारता गाडी उभी करावी आणि चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्यावा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा भाजण्याइतके गरम लागले तर तिथे ब्रेक धरून राहतो आहे किंवा बेअरिंग अडते आहे. गाडी पूर्ण रस्ताभर स्वतःलाच मागे ओढत आली, असा त्याचा अर्थ. टायरचेही तसेच. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या हिशोबाने चारही टायरांतली हवा सरासरी एक पीएसआयने कमी झाली की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटते. दहा पीएसआय कमी हवेवर फिरणारी पिकअप दुर्मीळ नाही. टायर बदलायचेच असतील तेव्हा नायलॉनऐवजी रेडियल घ्यावे, ते हलके फिरतात.

हवेचा अडथळा डोळ्यांना दिसत नाही, पण महामार्गावर तोच सर्वांत मोठा असतो. ताशी ६० वरून ८० ला गेले की हवेचा विरोध पावणेदोनपटीहून जास्त होतो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवायला सांगत आली आहे, त्याचे कारण हेच. १९७३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या नासाच्या उड्डाण संशोधन केंद्रात एडविन सॉल्ट्झमन नावाचे अभियंते सायकलवरून कामाला जात. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी हवेचा धक्का त्यांना बाजूला ढकलायचा आणि मग ट्रकच्या मागची ओढ आत खेचायची. त्यावरून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एका जुन्या व्हॅनला ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून चौकोनी खोका बनवला आणि त्याचे कोपरे एकेक करून गोल करत मोजमाप घेतले. पुढच्या सगळ्या कडा गोल केल्यावर हवेचा अडथळा निम्म्याहून खाली आला.

आपल्या पिकअपला असे पत्रे लावायची गरज नाही. मालाची उंची शक्यतो केबिनच्या वर जाऊ देऊ नये. ताडपत्री ताणून बांधावी, फडफडणारी ताडपत्री म्हणजे उलटे शीड. रिकामी परतताना हवा निघून जावी म्हणून मागचा फाळका उघडा टाकण्याची सवय मात्र सोडावी. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्यावरून सरकत जाते. उघडला की ही घडी मोडते.

कसारा किंवा खंबाटकीच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारे चालक अजून भेटतात. डिझेल वाचते, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गव्हर्नर डिझेल तोडतो आणि चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतः चालू राहण्यासाठी डिझेल लागते. म्हणजे न्यूट्रलने डिझेलही जास्त जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाटात भरल्या गाडीचे ब्रेक तापून निकामी झाले की काय होते, ते त्या रस्त्यांवर राहणाऱ्यांनी पाहिले आहे.

डिझेलच्या नळीला बांधायची चुंबके, टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर एक रुपयाही घालवू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. त्यातल्या बहुतेकांनी इंधनात काहीच फरक पाडला नाही.

आता हिशोब. वर्षाला ३० हजार किलोमीटर चालणारी पिकअप लिटरला १२ देत असेल तर तिला २५०० लिटर डिझेल लागते. तीच १४ देऊ लागली तर सुमारे २१४३. फरक ३५७ लिटरचा, आणि लिटर ९० रुपये धरले तर वर्षाला ३२ हजारांचा. गाडी जितकी खंगलेली तितका फायदा मोठा: आठवरून दहावर आणली तर वर्षाला ७५० लिटर वाचतात, चौदावरून सोळावर नेली तर जेमतेम २६८.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी मोजणी करावी. एकाच पंपावर, एकाच नळीने टाकी फुल्ल करावी, किलोमीटर वहीत लिहावे, आणि सलग तीन वेळा पुन्हा काठोकाठ भरून किती लिटर बसले ते मांडावे. मीटर बंद असेल तर पहिली दुरुस्ती त्याचीच. ती वही घेऊन मिस्त्रीकडे जावे, आणि त्याने बॉनेट उघडले की पहिला प्रश्न विचारावा: थर्मोस्टॅट जागेवर आहे का?