मागच्या चाकांना लॉक की पुढच्या?

डहाणू तालुक्याच्या किनारपट्टीवर वरोर, चिंचणी, वाढवण या भागात एकाच कुटुंबाकडे समुद्राकडेला वाळूमिश्रित वाडी, तिच्यामागे भाताची खाचरे आणि एखादा खारीचा तुकडा असणे नवलाचे नाही. ट्रॅक्टर किंवा जीप एकच असते आणि तिला या सर्व जमिनींतून जावे लागते. चिकूचा तोडा पाऊस पाहून थांबत नाही. फळे क्रेटमध्ये भरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावीच लागतात, आणि नेमकी त्याच वेळी गाडी वाडीच्या तोंडाशी रुतते.

अलीकडे नवीन गाडी घेणारे बागायतदार एक प्रश्न हमखास विचारतात. डिफरन्शियल लॉक मागच्या चाकांना असावे, पुढच्या चाकांना असावे, की दोन्हीकडे? उत्तर आधीच सांगतो. एकच लॉक परवडत असेल तर ते मागे असावे. पुढचे लॉक ही नंतरची गोष्ट आहे आणि पुष्कळांना त्याची गरजच पडत नाही. असे का, हे समजून घेतल्यास पैसे तर वाचतीलच, पण काही प्रसंगी जीवही वाचेल.

डिफरन्शियल काय करते?

ट्रॅक्टर वळतो तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमध्ये १.२ मीटर अंतर असलेला लहान ट्रॅक्टर ४ मीटर त्रिज्येच्या वळणावर काटकोनात वळला, तर बाहेरचे चाक सुमारे ७.२ मीटर आणि आतले सुमारे ५.३ मीटर चालते. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जोडलेली असती तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटले असते, टायर झिजले असते आणि ॲक्सलवर ताण आला असता. हा फरक सांभाळण्यासाठी डिफरन्शियल असते. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट घेतले होते, म्हणजे ही युक्ती मोटारगाडीपेक्षाही जुनी आहे.

परंतु या युक्तीत एक खोट आहे. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि तो जोर किती असावा हे कमी पकड असलेले चाक ठरवते. समजण्यापुरते आकडे घेऊ. उजवे चाक घट्ट मुरुमावर असून ते ६०० किलोची ओढ देऊ शकते. डावे चाक चिखलात असून त्याला फक्त ८० किलोची पकड आहे. अशा वेळी उजव्यालाही ८० किलोच मिळतात आणि एकूण ओढ १६० किलोची होते. डावे चाक गरगर फिरते, उजवे जागचे हलत नाही. लॉक लावले की दोन्ही चाके एकाच वेगाने फिरू लागतात आणि ६८० किलोपर्यंत ओढ मिळू शकते. इंजिन तेच, टायर तेच.

पॉवर टिलर वापरणाऱ्यांना ही गोष्ट हाताने ठाऊक आहे. टिलरची दोन्ही चाके सरळ चालताना एकत्रच फिरतात, आणि वळताना आपण त्या बाजूचा क्लच दाबून एक चाक मोकळे करतो. म्हणजे टिलरला लॉक कायमचेच असते, आपण ते वळण्यापुरते सोडतो. ट्रॅक्टरमध्ये याच्या उलट असते. चाके मोकळी असतात आणि अडचणीच्या वेळेपुरते लॉक लावायचे असते.

मागचे लॉक आधी का?

गाडी चढावर लागली किंवा मागे ट्रॉली ओढू लागली की वजन मागच्या चाकांवर सरकते. खाचरातून बांधावर चढताना हे अगदी स्पष्ट जाणवते, पुढचा भाग हलका होतो. जिथे वजन तिथे पकड, म्हणून लॉकचा उपयोगही तिथेच अधिक. दुसरे कारण स्टेअरिंगचे आहे. मागे लॉक असताना गाडी सरळ जाण्याचा हट्ट धरते खरी, पण पुढची चाके मोकळी असल्याने थोडीफार दिशा देता येते. पुढे लॉक लावले तर स्टेअरिंग जड होते, हाताला हिसके बसतात आणि चाके पूर्ण वळवून जोर दिला तर पुढच्या हाफ शाफ्टचा सांधा तुटू शकतो. पुढच्या ॲक्सलला वळणे आणि ओढणे ही दोन्ही कामे करावी लागतात. त्यामुळे त्याचे सांधे नाजूक असतात आणि दुरुस्ती महाग पडते.

आपल्या शेतातील जवळजवळ सर्व ट्रॅक्टरना मागचे लॉक कारखान्यातूनच येते. बहुधा उजव्या टाचेजवळ त्याचे पेडल असते. खेदाची गोष्ट ही, की ते कधीच न दाबल्यामुळे पुष्कळ ट्रॅक्टरमध्ये गंजून बसलेले आढळते. असे शेतकरी बंधू फोर व्हील ड्राइव्हचा ट्रॅक्टर घेण्याचा विचार करतात, तेव्हा आधी आपल्या टाचेखाली पाहावे असे सुचवावेसे वाटते.

केवळ फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाके ओढतात असे नव्हे. पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक चिखलात सापडले, तर लॉक नसलेली फोर व्हील ड्राइव्ह जीपही तिथेच उभी राहते. वरचेच आकडे धरले तर पुढून १६० आणि मागून १६०, अशी ३२० किलोची ओढ मिळेल. फक्त मागे लॉक लावले तर ती ८४० पर्यंत जाते. पुढचेही लावले तर आणखी वाढते हे मान्य, पण पहिली उडी मोठी असते आणि पुष्कळदा तेवढीच पुरते.

पुढचे लॉक कोणाला हवे?

रिकाम्या जीपमध्ये इंजिनमुळे वजन पुढे असते. चढावर रिव्हर्समध्ये मागे यायचे असेल तर खालच्या बाजूला पुढची चाके येतात आणि भार त्यांच्यावर पडतो. उंच बांधावर वा खडकावर आधी पुढचे चाक चढवायचे असते. अशा जागी पुढचे लॉक खरोखर काम करते. ज्यांना अशी वाट रोजची आहे त्यांनी दोन्ही लॉकची गाडी जरूर पाहावी. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत पुढे व मागे दोन्हीकडे चालकाने लावायचे लॉक मिळते. महिंद्राच्या २०२० मध्ये आलेल्या थारच्या काही फोर व्हील ड्राइव्ह प्रकारांत मागच्या ॲक्सलला आपोआप लागणारे यांत्रिक लॉक आहे. वरोरच्या वाडीपासून वाणगाव स्टेशनपर्यंत माल नेणाऱ्यास मागच्या एका लॉकवर भागावे असे माझे मत आहे. राहिलेल्या पैशांत चांगले टायर येतात.

जुन्या जीपच्या डिफरन्शियलमधील गिअर वेल्ड करून घेण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. हे कायमचे लॉक होय. डांबरी रस्त्यावर वळताना गाडी सरळ ओढते, टायर झिजतात, हाफ शाफ्ट तुटतो आणि पावसात गाडी रस्ता सोडू शकते.

लॉक केव्हा व कसे लावावे?

चाक जोरात फिरत असताना लॉक कधीही लावू नये, आतील दात तुटतात. आधी ॲक्सिलेटर कमी करावा, क्लच दाबून चाके थांबू द्यावीत, पेडल दाबावे आणि मग लहान गिअरमध्ये सावकाश सरळ निघावे. गाडी रुतल्यावर नव्हे, तर रुतण्याची जागा समोर दिसताच लॉक लावणे शहाणपणाचे. घट्ट जमीन आली की पाय काढावा. लॉक सुटले नाही तर क्लच दाबून आलटून पालटून डावा व उजवा ब्रेक हलकेच दाबावा. लॉक लागलेले असताना वळू नये. आडव्या उतारावर ते लावूच नये. तिथे दोन्ही मागची चाके एकदम घसरली तर त्यांची बाजूची पकडही जाते आणि मागचा भाग उताराकडे सरकतो.

लॉक नादुरुस्त असेल तर ट्रॅक्टरच्या वेगवेगळ्या ब्रेकचा उपयोग करता येतो. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलका दाबला की थोडा जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. मात्र रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही ब्रेक पेडल पुन्हा एकत्र जोडावीत.

आता सर्वांत महत्त्वाचे. लॉक लावूनही ट्रॅक्टर निघत नसेल तर मागच्या चाकांना लाकडाचा ओंडका साखळीने बांधून जोर देण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती अत्यंत धोक्याची आहे. चाके अडली की फिरण्याचा जोर ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर येतो, पुढचा भाग उचलला जातो आणि ट्रॅक्टर दीड सेकंदाच्या आत चालकाच्या अंगावर उलटू शकतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. अशा वेळी रिव्हर्समध्ये निघण्याचा प्रयत्न करावा. ते न जमल्यास चाकांमागील चिखल उकरावा आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावे. साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावावी, ॲक्सलच्या वर कधीही बांधू नये.

चाक किती घसरते ते मोजा

मी मुळात पिकांचा शिक्षक आहे, म्हणून जमिनीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो. ओल्या वाडीत फिरणारे चाक माती दाबून तिचा गुळगुळीत थर करते. त्यातून पाणी व हवा जात नाही, आणि चिकूची अन्न घेणारी मुळे बरीचशी वरच्याच थरात असतात. लॉक लावल्याने घसरण कमी होते, पण मूळ दुखणे पुष्कळदा वजनाचे किंवा टायरचे असते.

मागच्या टायरवर चुन्याची खूण करावी. अवजार उचलून चाकाच्या १० फेऱ्यांत किती अंतर जाते ते मोजावे. मग अवजार लावून तेच मोजावे. पहिल्या वेळी ४० मीटर व दुसऱ्या वेळी ३४ मीटर आले तर घसरण १५ टक्के झाली. कोरड्या शेतकामात १० ते १५ टक्के ठीक आहे. त्याहून बरीच जास्त असेल तर टायरचे दात झिजले आहेत का पाहावे, चाकांना लोखंडी वजने लावावीत किंवा टायरमध्ये सुमारे तीनचतुर्थांश पाणी भरावे. भाताच्या चिखलणीला मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे लोखंडी पिंजरा चाकेच वापरावीत.

लॉकचे पेडल मे महिन्यातच कोरड्या मोकळ्या जागेत एकदा लावून व सोडून पाहावे, त्याच्या सांध्यांना ग्रीस द्यावे आणि मागच्या हौजिंगमधील तेलाची पातळी तपासावी. तेल दुधासारखे दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजून सील बदलून घ्यावे.